पुलाचा रात्रीचा फोटो सारखा बिघडतोय? आधी फोटोतला एक दिवा मोठा करून बघा

रत्नागिरीत माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं-मुंजी हेच मुख्य काम, पण दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी भाट्याच्या पुलाचा रात्रीचा फोटो घेऊन येतंच. कधी कॉलेजची मुलं, कधी पुण्या-मुंबईहून गावी आलेली मंडळी. आणि प्रश्न ठरलेला असतो, फोटो चांगला का येत नाही, कॅमेरा बदलू का. दहातल्या नऊ वेळा कॅमेरा बदलायची काहीच गरज नसते. बिघाड तेच चार-पाच असतात, उलटसुलट करून परत परत येणारे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. भाट्याचा पूल मी उदाहरण म्हणून घेतलाय कारण तो माझ्या रोजच्या बघण्यातला आहे, पण रेवदंड्याचा, चिपळूणला वाशिष्ठीवरचा किंवा तुमच्या गावच्या खाडीवरचा कुठलाही पूल असो, धक्का असो, दीपगृह असो, गोष्ट तीच आहे.

लक्षणं आधी

फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करा आणि पुलावरचा किंवा किनाऱ्यावरचा एकच दिवा बघा. अख्खा फोटो बघत बसू नका, त्यातून नुसतं "काहीतरी चुकलंय" एवढंच कळतं. दिवा हा अंधारातला एक ठिपका असतो, आणि कॅमेऱ्याने त्या ठिपक्याचं काय केलं यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

दिव्याला शेपूट किंवा आकडा आलाय आणि फोटोतल्या सगळ्या दिव्यांना तसाच आकडा आहे, तर कॅमेरा हलला. दिवा गोल ताटलीसारखा पसरलाय आणि कड स्वच्छ आहे, तर फोकस चुकला. दिव्याभोवती कापसासारखं वलय आहे आणि आजूबाजूचं काळं आभाळ राखाडी झालंय, तर लेन्सवर काहीतरी आहे किंवा हवेत आहे. दिव्यातून एकाच दिशेला लांब रेघ निघालीय, हे मोबाईलवाल्यांचं जास्त, तर काचेवर बोटाचा तेलकट डाग आहे, बोट ज्या दिशेने फिरलं असेल त्याच्या काटकोनात ती रेघ येते. आभाळात किंवा पाण्यात नसलेले हिरवट दिवे दिसतायत, तर फिल्टर. दिवे पांढरे फटक आणि पुलाचे खांब काळे ठिक्कर, तर वेळ किंवा एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळालेला उजेड. लाल-निळे बारीक ठिपके दर फोटोत नेमके त्याच जागी, तर सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, तापतोय. आणि फोटोत आडवे काळपट पट्टे, तर एलईडीच्या लुकलुकण्याचा दोष.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, खर्चाच्या शेवटी. कृपा करून क्रम सोडू नका, कारण काच पुसायची राहिली म्हणून नवीन लेन्स घेतलेली माणसं मी बघितलीत.

काच पुसा, पण कोरडी घासू नका

आपल्याकडे संध्याकाळी खारा वारा सुटतो आणि खाडीच्या तोंडावर अर्धा तास उभं राहिलं तरी चष्म्यावर चिकट थर येतो, तोच लेन्सवर येतो. उजेडात तो दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा, एकदम समोरून नाही, मग वाळलेल्या पापडावर मीठ चमकतं तसे बारीक पांढरे कण दिसतील. प्रत्येक कण पुलावरच्या दिव्याचा उजेड इकडेतिकडे फेकतो, दिवसा ते खपून जातं पण रात्री काळ्या आभाळावर तेच वलय होऊन बसतं.

मीठ कोरडं घासलं तर काचेवरच्या कोटिंगला ओरखडे पडतात. म्हणून आधी रबरी ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश, मग लेन्सच्या पातळ कापडावर क्लीनरचा एक थेंब टाकून मधून बाहेर गोल पुसायचं. थेंब कापडावर टाका, थेट काचेवर नको, कडेने आत उतरतो. शर्टाचं टोक किंवा ओढणी वापरू नका, त्यात वाळू असतेच. मोबाईलची काच मात्र स्वच्छ, थोड्या ओल्या कापडाने पुसली तरी चालते आणि तेवढ्याने निम्मे फोटो सुधारतात.

दुसरं, दव. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसा लेन्सला येतो. पुसलं की परत येतो कारण काच अजून थंडच असते. त्यामुळे पुसत बसू नका, कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून बॅग बाहेर आणा आणि अर्धा तास तशीच राहू द्या, काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की मग उघडा. म्हणजे सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोचायला हवं, नंतर नाही.

फिल्टर काढा

लेन्स वाचावी म्हणून लावलेली साधी काच किंवा युव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा. दिव्याचा उजेड आतल्या सेन्सरवरून मागे उडतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आदळून परत आत येतो आणि फोटोत खोटा दिवा उमटतो. ओळखायची खूण सोपी आहे, फोटोच्या बरोबर मधोमध एक बिंदू धरा, खरा दिवा डावीकडे वर असेल तर खोटा उजवीकडे खाली तेवढ्याच अंतरावर सापडेल. असं जुळलं की फिल्टरच दोषी. फिल्टर काढून तोच फोटो परत काढला की लगेच खात्री होते. समोरून वारा असेल तर लेन्सचं हूड लावा, तुषार थोडे तरी अडतात.

वेळ बदला

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याला पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा इथेच पडतो. पूर्ण काळोख झाल्यावर पुलाचा फोटो काढायला जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तेव्हा दिवे आणि काँक्रीट यांच्यातला फरक इतका असतो की कुठलाच कॅमेरा दोन्ही धरू शकत नाही, मग दिवे जळतात, म्हणजे नुसते पांढरे फटक होतात, नाहीतर खांब गायब होतात. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांपासून पुढची वीस मिनिटं, आभाळ गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि पुलाच्या कडा आभाळावर अजून दिसत असतात, तेवढाच खेळ आहे. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत, सूर्य सरळ खाली बुडतो, त्यामुळे युरोपातल्या फोटोग्राफरांच्या व्हिडिओत जसा तासभर निळा उजेड दिसतो तसा इथे मिळत नाही. ट्रायपॉड आधी लावून, फोकस आधी करून तयार राहायचं.

आता भरती-ओहोटी. खाडीवरच्या पुलाचं अर्धं सौंदर्य पाण्यातल्या प्रतिबिंबात आहे आणि ओहोटीला गेलात तर खाली चिखल आणि आडव्या पडलेल्या होड्या. आपल्याकडचा जुना हिशोब आहे ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तो इथे फार उपयोगी पडतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, नवमीला पावणेसात. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण म्हणजे संध्याकाळच्या निळ्या वेळेला भरलेली खाडी हवी असेल तर अष्टमी-नवमी गाठायची. आणि गंमत अशी की त्याच दिवसांत भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते, पाण्याला उधाणासारखी ओढ नसते, पाणी जास्त वेळ थांबल्यासारखं राहतं आणि दिव्यांची प्रतिबिंबं लांब सरळ उतरतात. शुद्ध अष्टमी असेल तर अर्धा चंद्र सूर्यास्ताला डोक्यावर असतो, तो खांबांवर थोडा उजेड टाकतो. मी महिन्याच्या कॅलेंडरवर अष्टमी-नवमीलाच खूण करून ठेवते. पौर्णिमेला हौसेने येणारे बरेच असतात, पण पौर्णिमेची भरती रात्री अकराच्या पुढे, तिन्हीसांजेला खाडी रिकामीच असते.

अजून एक, वलयाचा दोष काच पुसूनही जात नसेल तर तो हवेतला आहे. एप्रिल-मेमध्ये दमट खारी हवा असते, लांबचा पूल धुरकट दिसणारच, त्याला कॅमेऱ्यात इलाज नाही. तेव्हा पहाटे जा. रात्रभर मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहिलेला असतो, हवेत मीठ कमी आणि खाडीचं पाणी आरशासारखं. थंडीतल्या पहाटेचा पूल एकदा काढलात की संध्याकाळी जावंसं वाटणार नाही. फक्त धुकं पडलं असेल तर थांबावं लागतं.

कॅमेरा खरंच स्थिर आहे का

पावसकडचा एक मुलगा माझ्याकडे तीनदा आला. ट्रायपॉड भक्कम, कॅमेरा चांगला, दोन सेकंदांचा टायमरही लावलेला, तरी प्रत्येक दिव्याला बारीक आकडा. "ताई, लेन्स गेली काय?" म्हणून रडकुंडीला आला होता. शेवटी मी त्याच्यासोबत गेले. तो पुलावरच्याच कडेला ट्रायपॉड लावत होता. मी पाण्याची अर्धी भरलेली बाटली त्याच्या ट्रायपॉडच्या पायाशी ठेवली आणि त्याला म्हटलं फक्त पाण्याकडे बघ. एक एसटी गेली. पाण्यावर बारीक थरथर उठली, गाडी पुलाच्या पार टोकाला पोचली तरी पाणी पूर्ण शांत झालं नव्हतं. त्याने काही न बोलता ट्रायपॉड उचलला आणि आम्ही खाली किनाऱ्यावर गेलो.

पूल हलतोच, तो तसाच बांधलेला असतो, गाड्यांच्या वजनाने तो लवतो आणि जोडाच्या फटीवरून चाक गेलं की धक्का बसतो. म्हणून पुलाचा फोटो पुलावरून नको. पुलावरूनच काढायचा असेल तर खांबाच्या बरोबर वर उभं राहा, दोन खांबांच्या मध्ये नाही, आणि गाडी गेल्यावर बाटलीतलं पाणी शांत होईपर्यंत थांबा.

किनाऱ्यावर वेगळा त्रास. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय पंधरा सेकंदात मिलिमीटरभर खचतात आणि दिव्यांना उभी शेपटी येते. पाय दाबून घट्ट बसवा किंवा प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा सपाट तुकडा ठेवा. मधला दांडा वर काढू नका. गळ्यातला पट्टा काढून टाका, वाऱ्यावर तोच फडफडतो. दांड्याला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू दे, लोंबकळणारी बॅग फायद्यापेक्षा तोटाच जास्त करते. कॅमेरा किंवा लेन्समधलं स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद करा, काही जुन्या लेन्स स्थिर असताना स्वतःच हलायला लागतात. आणि धक्क्याला बांधलेल्या होडीतून लांब शटरचा, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवायचा प्रयत्न करू नका, तिथे कुठलाच ट्रायपॉड चालत नाही.

ट्रायपॉड नसेल तर एक किलो उकडा तांदूळ जाड कापडाच्या पिशवीत शिवून घ्या, पिशवी पाऊण भरा, पूर्ण नको. कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा. मोबाईलही त्यात छान उभा राहतो आणि नाईट मोडला जास्त वेळ देतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, हे विसरलात तर दोन महिन्यांत सांधे गंजतात.

फोकस

अंधारात ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो. स्क्रीनवर चित्र मोठं करून लांबचा एक दिवा निवडा, फोकस मॅन्युअलवर, म्हणजे हाताने करायच्या सेटिंगवर टाकून लेन्सची रिंग फिरवा, दिवा लहानात लहान होईल तिथे थांबा. लेन्सवरच्या अनंताच्या (∞, खूप लांबच्या) खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. झूम बदललात तर फोकस परत तपासा.

एक्स्पोजर

सगळं ऑटोवर सोडलं की कॅमेरा काळोख बघून घाबरतो आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला किती दाद द्यायची तो आकडा, वाढवतो. ट्रायपॉडवर असाल तर आयएसओ १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र), रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल), आणि शटर आठ सेकंदांपासून सुरू करून बघा. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवा, दिव्याचा गाभा लुकलुकला तर चालतं, दिव्याभोवतीचा रस्ता लुकलुकायला लागला तर शटर कमी करा. एफ ८ ते एफ ११ ला दिव्यांना चांदणीसारखे किरणही छान येतात. लेन्सच्या आतल्या पात्या सात असतील तर किरण चौदा, आठ असतील तर आठच. एफ १६ च्या पुढे नेलंत तर किरण वाढतात पण सगळा फोटो मऊ पडतो.

वेळ वाचवायची एक युक्ती. चौकट ठरवताना आयएसओ ६४०० वर पाव सेकंदाचा फोटो काढा. १०० च्या तो चौसष्टपट आहे, म्हणजे पाव सेकंदाचे १०० वर सोळा सेकंद. चौकट, क्षितिज, उजेड सगळं झटपट कळतं, मग खरा फोटो आयएसओ १०० वर. निळी वेळ वीस मिनिटांची असताना दर चाचणीला सोळा सेकंद घालवणं परवडत नाही.

फरक फारच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घेऊन जोडा. मोबाईलवर दिव्याला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढा, एवढं पुरतं.

पिवळ्या सोडियम दिव्यांच्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, त्यामुळे व्हाईट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सेटिंग, कितीही फिरवला तरी खऱ्या अर्थाने ते परत येत नाहीत. असा फोटो सरळ कृष्णधवल करा. एलईडीचे पट्टे हातात धरून वेगवान शटरवर काढताना येतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. लाल-निळ्या ठिपक्यांसाठी कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय आहे, पण ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ परत घेतं, निळ्या वेळेत मी ते बंद ठेवते.

दिवेच नसलेल्या पुलाचं वेगळं. रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वे पूल, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब, रात्री नुसता काळा. तिथे चंद्र हवा आणि गाडी हवी. गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली तर सेकंदाला २० मीटर, म्हणजे इंजिनचा उजेड पूल साधारण एकवीस सेकंदांत पार करतो. तीस सेकंदांचं शटर लावून इंजिन पुलावर आलं की दाबायचं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू असतात, तेव्हा जास्त वेळ लागतो. फोटो रस्त्याकडून किंवा दरीतल्या सुरक्षित जागेवरून घ्यायचा, रुळांवर किंवा पुलावर जाणं गुन्हा आहे आणि जीवघेणं आहे.

इथे थांबा

पुराचं पाणी असताना पुलाखाली किंवा जुन्या पुलावर फोटोसाठी जाऊ नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसकट वाहून गेला, माणसं गेली, आणि त्या रात्रीही अंधार आणि पाऊसच होता. शेवाळलेल्या खडकावर भरती चढत असताना ट्रायपॉड लावू नका. बंदराजवळ ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

आणि यंत्राचं. वरचं सगळं करूनही वलय जात नसेल तर लेन्स काढा, एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने आत बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती पुसून जात नाही, ती काचेच्या आतल्या बाजूला असते. लेन्स स्वतः उघडू नका, काचा परत नेमक्या रेषेत बसवणं घरच्या स्क्रूड्रायव्हरचं काम नाही. माझी पहिली झूम लेन्स मी एका पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवली होती आणि गणपतीत काढली तेव्हा आत जाळं धरलेलं होतं, उशीर झाल्याने कोटिंग खाल्लं गेलं ते गेलंच. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. बुरशीवाली लेन्स चांगल्या लेन्ससोबत त्याच डब्यात ठेवू नका.

फोटोची एकच बाजू कायम मऊ येत असेल, भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा समोरून फोटो काढला तरी तीच बाजू मऊ, तर लेन्सच्या आत काहीतरी सरकलंय. तेही दुरुस्तीवाल्याचं. सेन्सरवरचा डाग ब्लोअरने गेला नाही तर तिथेच थांबा, कापूस घालू नका. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला तर चालू करून बघू नका, लगेच बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाकडे पोचवा. तांदळात पुरून ठेवू नका, पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं आणि सर्किट खायला लागतं.

दुरुस्तीला देताना नुसतं "फोटो नीट येत नाही" असं सांगू नका. बिघडलेल्या फोटोची मूळ फाईल सोबत द्या, त्यातला एक दिवा मोठा करून कापलेला तुकडा द्या, आणि काय काय करून झालंय ते एका कागदावर लिहून द्या: काच पुसली, फिल्टर काढला, किनाऱ्यावरून काढला, फोकस मॅन्युअल होता.